जुन्या यंत्रांची परतपाठवणी

(ज्युबिलीच्या सप्ताहांत धर्मग्रामाच्या सभागृहांत झालेलें भाषण)



ज्युबिलीच्या या आठवड्यांत आपल्या धर्मग्रामाच्या इतिहासाविषयीं, पूर्वजांच्या श्रद्धेविषयीं व या मंदिराच्या बांधणीविषयीं पुष्कळ सुंदर बोलणें झालें. आमच्याकडे आलेला विषय त्या मानानें फारच रुक्ष आहे. घरांत निकामी पडलेले मोबाईल फोन, बंद पडलेले दूरदर्शनसंच, जुने संगणक, चार्जर, रिमोट आणि फुगलेल्या बॅटऱ्या यांचें काय करावें, हा तो विषय होय. देवळाच्या उत्सवांत भंगाराची चर्चा कशाला, असें कोणी मनांत म्हणत असेल तर त्याचा राग आम्हांस येणार नाहीं. ज्युबिली समितीनें हें काम आम्हां पांच जणांकडे सोंपविलें तेव्हां आमच्याही मनांत प्रथम हाच प्रश्न उभा राहिला.

परंतु ज्युबिली या शब्दाचें मूळ पाहूं गेल्यास हा विषय तितका परका राहत नाहीं. जुन्या करारांतील लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायांत पन्नासाव्या वर्षाचे नियम सांगितले आहेत. त्या वर्षीं रणशिंग फुंकावें, जमिनीस विसांवा द्यावा, आणि हातची गेलेली वतनाची जमीन ज्याची त्यास परत जावी, असा तो विधि. भूमि परमेश्वराची आहे व माणसें तिच्यावर पाहुण्यासारखीं राहतात, हें त्याचें कारणही तेथेंच दिलें आहे. म्हणजे ज्युबिली हें मुळांत परत करण्याचें वर्ष. भूमीच्या पोटांतून काढलेलें तांबें, सोनें, शिसें व कोबाल्ट आज आपल्या माळ्यांवर अडकून पडलें आहे. तें ज्यानें यंत्र बनवून विकलें त्याच्या दारीं परत न्यावें, आणि त्यानें तें नीट उकलून पुन्हां कामास लावावें, एवढेंच आज आम्हांस सांगावयाचें आहे. परमपूज्य पोप फ्रान्सिस यांनीं २०१५ सालीं 'लाउदातो सी' हें परिपत्रक काढून, वापरून फेकण्याच्या वृत्तीवर कडक टीका केली, हें आपणांपैकीं पुष्कळांनीं प्रवचनांतून ऐकलें असेल. परंतु प्रवचन ऐकून घरीं गेल्यावर माळ्यावरच्या दूरदर्शनसंचाचें काय करावें हें मात्र कोणीं सांगितलें नव्हतें.

गेल्या दोन महिन्यांत आम्ही आपल्या आळ्यांतून व वाड्यांतून फिरलों. कोणाच्या घरीं काय निघालें तें येथें वाचून दाखविण्याचें कारण नाहीं. प्रत्येकानें आपलें फडताळ मनांतल्या मनांत उघडून पाहिलें तरी पुरे. वरच्या कप्प्यांत दोनतीन मोबाईल, त्यांतील एकाचा पडदा तडकलेला. चार्जरांचा एक गुंता, ज्यांतील कोणता कशाचा हें घरधन्यासही ठाऊक नाहीं. आखाती देशांतून कोणीं तरी मोठ्या हौसेनें आणलेला कॅसेट वाजविणारा संच. आणि माळ्यावर, जुन्या गोधडीखालीं झांकलेला तो अवजड पिक्चर ट्यूबचा दूरदर्शनसंच, जो फेकवतही नाहीं आणि लावतांही येत नाहीं. ही केवळ आपल्याच गांवची रीत आहे असें मात्र नव्हे. २००८ सालीं नोकिया कंपनीनें १३ देशांतील ६,५०० लोकांस विचारून पाहिलें, तेव्हां १०० पैकीं अवघ्या ३ जणांनीं आपला जुना फोन पुनर्वापरासाठीं परत दिल्याचें आढळलें. ४४ जणांचे फोन घरांतच पडून होते.

लोक हीं यंत्रें कां ठेवतात, याचें कारण नेहमींच आळस नसतें. एका आजींनीं आपल्या परलोकवासी पतीचा फोन आम्हांस दाखविला. पेटींत, जपमाळेशेजारीं, रुमालांत गुंडाळून त्यांनीं तो ठेवला होता. तो सुरू होत नव्हता. परंतु त्यांत त्यांचा आवाज आहे, असें त्या म्हणाल्या. “बाबांनो, आवाज भंगारांत कसा देऊं?” असें त्यांनीं विचारलें, आणि आमच्यापाशीं तेव्हां उत्तर नव्हतें. पुढें आपल्या तरुण मंडळांतील मुलांनीं त्या फोनची बॅटरी बदलून आंतील छायाचित्रें व आवाज काढून दिले. आजींनीं तो आवाज नातवाच्या फोनवर दोनदां ऐकला, आणि मग तो जुना फोन स्वतः आमच्या हातीं आणून दिला. अशी अडचण ज्यांच्या घरीं असेल त्यांनीं ती नि:संकोच सांगावी. फोन उघडणारीं मुलें आपल्याच घरचीं आहेत, आणि आंतील गोष्ट बाहेर न जाईल याची हमी आम्ही घेतों.

आतां परत देणें ही कल्पना आपणांस नवी नाहीं. वडिलांच्या काळीं कासाराच्या दुकानीं जुनें फुटकें भांडें मोडींत घालून नवें घेण्याची चाल होती. मोडीचा भाव ठरलेला असे. घरची बाई तो तोंडपाठ जाणत असे, आणि कासारानें वजनांत हात मारला तर त्याची धडगत नसे. सोनाराचा व्यवहार आजही तसाच चालतो. ज्याला घडवितां येतें त्यालाच मोडून पुन्हां घडवितां येतें, ही त्या व्यवहारामागील साधी अक्कल. तांब्याचा हंडा कोणीं उकिरड्यावर टाकल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं. फोन मात्र टाकला जातो, कारण हंड्यांत एकच धातु डोळ्यांस दिसतो व फोनांत कित्येक धातु केंसाएवढ्या थरांनीं एकमेकांस चिकटलेले असतात. ते वेगळे करणें हें कासाराच्या हातोडीचें काम नव्हे.

आणि त्यांत जें आहे तें थोडें नव्हे. खाणींतील एक टन दगडांतून पांचसात ग्रॅम सोनें निघालें तरी ती खाण चांगली समजतात. एक टन जुन्या फोनांत तेंच २०० ते ३०० ग्रॅमांच्या घरांत असतें. जपानी लोकांनीं याचें एक नामी प्रात्यक्षिक करून दाखविलें. टोकियो येथील ऑलिंपिक सामने २०२१ सालीं झाले. त्यांतील सुमारें ५,००० पदकें घडविण्यासाठीं एप्रिल २०१७ पासून मार्च २०१९ पर्यंत देशभर लोकांकडून जुनीं उपकरणें मागविण्यांत आलीं. ७८,९८५ टन लहान यंत्रें व सुमारें ६२ लाख मोबाईल फोन गोळा झाले, आणि त्यांतून ३२ किलो सोनें, ३,५०० किलो चांदी व २,२०० किलो कांस्य निघालें. विजेत्यांच्या गळ्यांत जें पदक पडलें तें कोणाच्या तरी फडताळांतून आलेलें होतें.

सोन्याची गोष्ट ऐकावयास गोड लागते. परंतु आमच्या मतें परत देण्याचें खरें कारण सोनें नव्हे, विष हें आहे. पिक्चर ट्यूबच्या जाड कांचेंत शिसें मिसळलेलें असतें. पहिल्या पिढीच्या सपाट पडद्यांच्या मागें जे बारीक दिवे असत त्यांत पारा असे. जुन्या पुनर्भरणाच्या सेलांत कॅडमियम असे. फ्रीजमधील जुना वायु आकाशांतील ओझोनच्या थरास खातो, म्हणून १९८७ सालच्या मॉन्ट्रिऑलच्या करारानें त्यावर बंदी आणण्याचें ठरलें. परंतु जुन्या फ्रीजच्या पोटांत तो अजूनही असूं शकतो, आणि भंगारांत कॉम्प्रेसर कापतांच तो निघून जातो. जोंपर्यंत यंत्र अखंड आहे तोंपर्यंत हीं विषें बंदिस्त असतात. फोडलें, जाळलें किंवा अॅसिडांत बुडविलें कीं तीं मोकळीं होतात.

आणि फोडणें, जाळणें व बुडविणें हेंच बहुतेक होतें. दारीं येणाऱ्या भंगारवाल्यास दिलेला फोन मोठ्या व्यापाऱ्याकडे जातो, तेथून मुंबईंत कुर्ला-साकीनाक्याच्या गल्ल्यांत, आणि पुष्कळदां तेथून पुढें उत्तरेकडे. दिल्लीच्या सीलमपूर वस्तींत अशीं यंत्रें हातांनीं सोडविलीं जातात. सर्किट-बोर्डांचे ढीग उत्तर प्रदेशांतील मुरादाबादेस जात आले आहेत. मुरादाबाद हें नांव आपणांस पितळेच्या भांड्यांमुळें ठाऊक आहे. ज्या गांवानें पिढ्यान्‌पिढ्या पितळ वितळविलें त्याच गांवांत लोक बोर्ड जाळून तांबें काढूं लागले, व रामगंगा नदीच्या कांठीं काळ्या राखेचे ढीग पडले. वायरीवरचें प्लॅस्टिक जाळलें कीं त्याच्या धुरांत डायॉक्सिन नांवाचें भयंकर विष तयार होतें. सोनें सोडविण्यासाठीं बोर्ड उघड्या टोपांत तीव्र अॅसिडांत घालतात, आणि काम संपल्यावर तें पाणी गटारांत ओततात. या कामांत बाया आणि मुलेंही असतात. जागतिक आरोग्य संघटनेनें जून २०२१ मध्यें अशा जागांवर राबणाऱ्या व राहणाऱ्या मुलांविषयीं स्वतंत्र अहवाल काढून जगाचें लक्ष त्याकडे वेधलें. शिसें मुलाच्या वाढत्या मेंदूस अपाय करतें, आणि तो अपाय मागाहून औषधानें भरून निघत नाहीं.

दूरची गोष्ट म्हणून कोणीं सुटकेचा श्वास टाकूं नये. आपल्या वसईच्या वाड्यांतून पूर्वजांनीं बावखलें खणलीं, गोडें पाणी जपलें, रहाट फिरवून बागा जगविल्या. त्यांपैकीं कित्येक बावखलें आज भराव घालून बुजविलीं गेलीं आहेत, आणि त्या भरावांत काय काय येऊन पडतें हें डोळे उघडे ठेवून पाहणाऱ्यास सांगावयास नको. बावखलाचें पाणी झिरपून विहिरीस मिळतें. तेथें शिशाची कांच पुरली तर ती मुरादाबादेस न जातांच तिचें काम करील.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थांनीं २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षांत जगांत ६ कोटी २० लाख टन विद्युत्-यंत्रांचा कचरा झाला, आणि त्यांतील अवघा २२.३ टक्के नोंद होऊन रीतसर गोळा झाला. उरलेल्याचा हिशेब नीट कोणापाशींच नाहीं.

मग ही जबाबदारी कोणाची? विकत घेणाऱ्याची, नगरपालिकेची, कीं विकणाऱ्याची? या प्रश्नाला स्वीडनांतील थॉमस लिंडक्विस्ट या विद्वानानें १९९० सालीं आपल्या सरकारला दिलेल्या अहवालांत एक उत्तर सुचविलें. वस्तु बनविणाऱ्याची जबाबदारी ती विकल्यावर संपत नाहीं, तर तिच्या अंतापर्यंत पोंचते, असें तें उत्तर. त्यांतील खुबी अशी कीं शेवटीं मोडण्याचा खर्च स्वतःवर येणार हें कळल्यावर कारखानदार सुरवातीसच सहज उकलतां येईल अशी वस्तु घडवील. हा विचार पुढें देशोदेशीं पसरला. स्वित्झर्लंडांत १९९४ पासून संगणकाच्या व्यापाऱ्यांनीं आपण होऊन परत घेण्याची व्यवस्था उभी केली. तिचा खर्च नव्या यंत्राच्या किंमतींतच गिऱ्हाइकाकडून आधीं घेतात. जपानांत २००१ पासून दूरदर्शनसंच, फ्रीज, धुलाईयंत्र व वातानुकूलन यंत्र हीं चार दुकानदारामार्फत कारखान्याकडे परत जातात. तेथें मात्र टाकणाराच पैसे देतो. युरोपीय संघानें २००३ सालीं कायदा केला.

आपल्या देशांत या प्रयोगाचा एक आरंभ कायद्याआधींच झाला होता. २००९ च्या सुरवातीस नोकियानें दिल्ली, गुरगांव, बंगळूर व लुधियाना येथें आपल्या दुकानांतून पेट्या ठेवल्या, कोणत्याही कंपनीचा जुना फोन वा चार्जर त्यांत टाकावा असें सांगितलें, आणि प्रत्येक फोनामागें एक झाड लावण्याचें वचन दिलें. ४५ दिवसांत सुमारें ३ टन माल जमला. लोकांस सोय दिली तर ते देतात, एवढें तरी त्यावरून दिसलें. परंतु दुसरेंही एक दिसलें. ज्या कंपनीनें जुने फोन परत मागितले तिचा फोनांचा धंदाच २०१४ सालीं मायक्रोसॉफ्टच्या हातीं गेला. कंपन्यांचें आयुष्य त्यांच्या यंत्रांपेक्षां फार मोठें असतेंच असें नाहीं. म्हणून ही गोष्ट केवळ त्यांच्या सद्‌भावनेवर सोडतां येत नाहीं.

कायदा आला तो २०११ च्या नियमांनीं. ते १ मे २०१२ पासून अंमलांत आले. त्यांच्या जागीं २०१६ चे नियम आले, आणि त्यांच्याही जागीं २०२२ चे, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. पूर्वीच्या नियमांत २१ प्रकारचीं यंत्रें होतीं, आतां १०६ आहेत. उत्पादकानें कांहीं वर्षांपूर्वीं जितका माल विकला त्याच्या ठराविक टक्के वजनाइतकी पुनर्प्रक्रिया झाली पाहिजे, असें बंधन आहे. पहिल्या दोन वर्षांसाठीं तें ६० टक्के होतें, २०२५-२६ व २०२६-२७ साठीं ७०, आणि त्यापुढें ८०. येथपर्यंत ऐकून समाधान वाटतें.

आम्हीही असेंच समाधान बाळगून एका नामांकित कंपनीच्या सेवाकेंद्रांत एक पिशवीभर फोन घेऊन गेलों. कंपनीच्या जाहिरातींत जुना माल परत घेण्याचें आश्वासन मोठ्या अक्षरांत छापलेलें आहे. गल्ल्यावरच्या तरुणानें पिशवीकडे पाहिलें, आंत जाऊन आला, आणि येथें असें कांहीं घेत नाहीं, म्हणाला. जाहिरात दाखविली तेव्हां पेटी होती पण ती आतां नाहीं, असें उत्तर आलें. दुसऱ्या एका कंपनीस दूरध्वनि केला तर चौथ्या दिवशीं माणूस घरीं आला, वजन करून पावती दिली व माल घेऊन गेला. एकाच कायद्याखालीं असा दुहेरी अनुभव कां यावा, याचा आम्हीं शोध घेतला, आणि त्याचें कारण आमच्या समजुतीनें नियमांच्या रचनेंत आहे.

२०१६ च्या नियमांत संकलन केंद्रें, आणि उत्पादकांच्या वतीनें माल गोळा करणाऱ्या संस्था यांस मान्यतेचें स्थान होतें. २०२२ च्या नियमांत नोंदणी चौघांचीच उरली: यंत्र किंवा त्याचे भाग बनविणारा कारखानदार, आपल्या नांवानें विकणारा उत्पादक, दुरुस्त करून पुन्हां चालतें करणारा, आणि पुनर्प्रक्रिया करणारा. पुनर्प्रक्रियेच्या कारखान्यांतून सोनें, तांबें, लोखंड व अॅल्युमिनियम निघालें कीं त्या प्रमाणांत प्रमाणपत्रें तयार होतात, आणि उत्पादक तीं विकत घेऊन आपलें बंधन पुरें करतो. म्हणजे स्वतः तुमच्या दारीं न येतांही त्याला कायद्यांतून मोकळें होतां येतें. हिशेब कागदावर सोपा झाला. परंतु फडताळापासून कारखान्यापर्यंतचा जो पहिला कोस, तो कोणाच्याच अंगावर नीटसा राहिला नाहीं. प्रमाणपत्रें फार स्वस्त झालीं तर कारखाना माल खोटाच दाखवील किंवा नुसतें वरचें सोनें काढून बाकीचें टाकील, म्हणून सरकारनें २०२४ सालीं किमान दर ठरविला. घरगुती यंत्रांसाठीं तो किलोस २२ रुपये होता. त्याविरुद्ध कित्येक मोठ्या कंपन्या २०२५ सालीं दिल्लीच्या उच्च न्यायालयांत गेल्या. ज्या यंत्रास आपण हजारों रुपये मोजतों त्याच्या अंत्यसंस्काराला किलोमागें बावीस रुपये जड व्हावेत, याचें आम्हांस नवल वाटतें. पण कंपन्यांची बाजू न्यायालय ऐकेल. आपल्या हातांत आहे तो पहिला कोस.

येथें आम्हां पांच जणांत मतभेद झाला, व तो आम्ही आपणांपासून लपवूं इच्छीत नाहीं. आपल्या आळींत वर्षानुवर्षें येणारा भंगारवाला हा गरीब मनुष्य आहे. तो रोख पैसे देतो. कंपनी बहुधा कांहींच देत नाहीं. आपण सर्वांनीं माल कंपनीकडे वळविला तर त्याच्या मुलांच्या तोंडचा घांस जाणार. आमच्यापैकीं दोघांचें म्हणणें असें पडलें कीं श्रीमंत कंपनीला फुकट माल देऊन गरिबाचा धंदा बुडविणें यांत कसला आला परोपकार? हा आक्षेप पोकळ नाहीं. त्यावर पुष्कळ वेळ बोलणें झालें.

शेवटीं आम्हांस दोन गोष्टी दिसल्या. एक अशी कीं भंगारवाल्याच्या उत्पन्नाचा मोठा भाग रद्दी, लोखंड, बाटल्या व प्लॅस्टिक यांवर चालतो, आणि तो जसाचा तसा त्याचाच राहिला पाहिजे. दुसरी अशी कीं विषारी मालाचें पहिलें विष त्याच्याच घरांत शिरतें. आम्ही त्याच्या झोंपडीवर जाऊन त्याच्याशींच बोललों. वायरी कोठें जाळतां, असें विचारलें, तेव्हां त्यानें मागच्या अंगणाकडे बोट दाखविलें. तेथें त्याचें धाकटें मूल खेळत होतें. “भाऊ, जाळल्याशिवाय तांब्याला भाव नाहीं,” असें तो म्हणाला. त्याला दोष देण्यास आमची जीभ रेटली नाहीं. पुण्यास 'स्वच्छ' ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून घरोघरचा कचरा गोळा करण्याचें काम करीत आहे. ज्यांस लोक झिडकारीत त्यांच्याच हातीं तें काम मानानें आलें. त्या धर्तीवर आम्हीं ठरविलें कीं ज्युबिलीच्या वर्षांत जमेल तो माल वाहून नेण्याचें काम याच भंगारवाल्यास द्यावें, आणि त्याचें भाडें ज्युबिली निधींतून रोख चुकतें करावें. दोघांपैकीं एकाचें यावर समाधान झालें. दुसऱ्याचें अजून झालेलें नाहीं, आणि आपल्या वार्षिक सभेंत तो हा प्रश्न पुन्हां मांडणार आहे. तसें त्यानें अवश्य करावें.

'जुना द्या, नवा घ्या' अशी दुकानांतून चालणारी अदलाबदल निराळी, आणि परत देणें निराळें. अदलाबदलींत चालतें यंत्र दुसऱ्याच्या हातीं जातें, तें चांगलेंच. परंतु तिचा डोळा तुमच्या नव्या खरेदीवर असतो. चालतें यंत्र सर्वांत आधीं चालवावें. बॅटरी बदलून फोन आणखी दोन वर्षें चालत असेल तर तो परत देण्याची घाई करूं नये, आणि आपल्या धर्मग्रामांतील गरजू विद्यार्थ्यांस चालता संगणक मिळाला तर तो कोणत्याही कारखान्यांत जाण्याहून बरा. दुरुस्ती करणारे हात आपल्या गांवांतून नाहींसे होत आहेत, याचें आम्हांस जुन्या रेडिओच्या दिवसांची आठवण होऊन वाईट वाटतें. केंद्र सरकारनें २०२२ सालीं दुरुस्तीच्या हक्काविषयीं समिति नेमली. त्या विषयावर एखादें स्वतंत्र व्याख्यान व्हावें.

आतां कामाच्या गोष्टी. फोन व संगणक देण्यापूर्वीं आंतील छायाचित्रें, पत्रें व हिशेब दुसरीकडे उतरवून घ्यावे, आपल्या खात्यांतून बाहेर पडावें, सर्व मजकूर पुसून टाकावा, आणि सिमकार्ड व मेमरी-कार्ड काढून घ्यावें. ज्यांस हें जमत नसेल त्यांच्यासाठीं तरुण मंडळाचीं मुलें शनिवारीं संध्याकाळीं शाळेच्या खोलींत बसतील. फुगलेली बॅटरी टोंचूं नये, दाबूं नये, पुन्हां चार्जिंगला तर मुळींच लावूं नये. आंतील पडदा फाटला कीं ती आपोआप पेट घेते. ती निराळी, कोरड्या वाळूंत ठेवून आणावी. पिक्चर ट्यूबच्या संचाची मागील मान फुटली तर कांच स्फोटासारखी उडते, म्हणून तो संच स्वतः उचलून आणण्याचें धाडस कोणीं करूं नये, आणि मुलांस तर त्याच्याजवळ फिरकूंही देऊं नये.

येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर देवळाच्या पडवींत तीन पेट्या व वाळूचा एक लोखंडी डबा ठेवलेला असेल. पहिल्या पेटींत फोन, दुसरींत चार्जर व वायरी, तिसरींत रिमोट, रेडिओ व इतर लहान यंत्रें. ज्या कंपन्या घरीं येऊन माल नेतात त्यांचा माल आम्ही नांवाप्रमाणें निवडून त्यांस कळवूं. ज्यांचे कारखाने केव्हांच बंद झाले त्यांचीं यंत्रें, आणि बिननांवाचे चार्जर, नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया कारखान्याकडे पाठवूं, व दोहोंच्या पावत्या देवळाच्या सूचनाफलकावर लावूं. पावती न देणाऱ्यास एकही वस्तु दिली जाणार नाहीं. फ्रीज, धुलाईयंत्र व मोठे दूरदर्शनसंच यांच्यासाठीं दाराशीं ठेवलेल्या वहींत नांव व आळी लिहून द्यावी. पुढील दोन शनिवारीं टेम्पो फिरेल. त्यावर माल चढविण्यास चार तरुण हवे आहेत. दोघे मिळाले आहेत. ज्यांची पाठ मजबूत आहे अशा आणखी दोघांनीं सभा संपल्यावर आम्हांस भेटावें.